टायर बदला, पण हवेचा राखणदार फेकू नका



शेतकी खात्याच्या माणसांनी बेणे, लागण, खते, पाणी आणि खोडवा यांवर लिहावे. टायरवर लिहिण्याचे यांना काय पडले आहे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सरळ आहे. ऊस तुटला की त्याचे घड्याळ सुरू होते. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडावा, हे आम्ही दर हंगामाला सांगत आलो आहोत. उशीर होईल तसे वजन घटते आणि साखरही घटते. वर्ष-दीड वर्ष राबून वाढवलेला ऊस फडातून गव्हाणीपर्यंत येतो तो चाकांवर, आणि चाक उभे असते ते हवेवर. टायर फुटून ट्रॉली रात्रभर रस्त्याच्या कडेला कलंडून राहिली, तर आमची सारी ऊसविकासाची कामगिरी तिथेच खड्ड्यात जाते. ऊस एक वेळ पुन्हा भरता येतो. अंधारात त्या ट्रॉलीवर येऊन आदळलेला मोटारसायकलवाला पोरगा पुन्हा आणता येत नाही. म्हणून टायरचा विषय आमचाही आहे.

यंदा हा विषय काढण्याचे तात्कालिक कारण मात्र थोडे निराळे आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या बऱ्याच सभासदांच्या दारात नव्या मोटारी आणि जीपगाड्या आल्या. चांगली गोष्ट आहे. कष्टाने आलेल्या पैशाची गाडी दारात उभी राहावी यात वावगे काही नाही. यांतल्या पुष्कळ गाड्यांच्या चाकात हवेवर नजर ठेवणारे सेन्सर कारखान्यातूनच बसवून येतात. हवा उतरली की चालकासमोर पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह, अशी त्याची खूण असते. गाडी नवी आहे तोवर सारे ठीक चालते. चार-पाच वर्षांनी टायर झिजतात, मालक तालुक्याच्या गावी टायर बदलायला जातो आणि तिथे या सेन्सरची वाट लागते. कुठे चाकात लोखंडी पट्टी घालताना तो फुटतो. कुठे तो सरळ काढून साधा वॉल बसवतात. वर सांगतात, "त्या दिव्याकडं लक्ष देऊ नका सायेब, गाडीला काय होत नाय." दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेल्या गाड्याही आम्ही आपल्या कार्यस्थळावर उभ्या पाहिल्या आहेत.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. सेन्सर हा गाडीचा दागिना नव्हे, चाकाचा भाग आहे. टायर बदलताना तो जपला पाहिजे, त्याची दुरुस्ती त्याच वेळी केली पाहिजे आणि तो बिघडला तर दिवा झाकण्याऐवजी सेन्सर बदलला पाहिजे. आणि ज्या चाकांना हा राखणदार नाहीच, म्हणजे आपल्या ट्रॉल्या, टायरगाड्या आणि बहुतेक जुने ट्रक, त्या चाकांचे राखणदार आपणच व्हायला पाहिजे.

हा सेन्सर असतो कसा, ते प्रथम पाहू. हवा भरायच्या वॉलच्या आतल्या टोकाला, रिमच्या आतल्या बाजूस, काडेपेटीएवढी लहानशी डबी असते. तिच्यात दाब मोजणारा भाग, बिनतारी संदेश धाडणारा भाग आणि छोटी बॅटरी असते. चाक फिरू लागले की डबी जागी होते आणि आपल्या टायरातली हवा किती, हे गाडीतल्या संगणकाला कळवीत राहते. बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. ती डबीतच कायमची बंद केलेली असल्याने घड्याळाच्या सेलसारखी बदलता येत नाही. बॅटरी संपली की अख्खा सेन्सर बदलावा लागतो.

दुसरा एक प्रकार आहे. काही गाड्यांच्या चाकात डबी नसतेच. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेसाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो, त्याच आकड्यांवरून संगणक अंदाज बांधतो. हवा कमी झालेला टायर थोडा बसतो, त्याचा घेर कमी पडतो आणि तेवढेच अंतर कापायला त्याला इतरांपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. बैलगाडीचे एक चाक लहान आणि एक मोठे असले तर लहान चाक जास्त गरगरते, तसेच हे. आपल्या गाडीत यांतला कोणता प्रकार आहे, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात दिलेले असते. टायर बदलायला निघण्यापूर्वी ते पान वाचावे. ते पुस्तक बहुतेकांच्या गाडीत कोऱ्या पिशवीत तसेच पडून असते, हे आम्हांस माहीत आहे.

ही यंत्रणा हौसेने आलेली नाही. २००० साली अमेरिकेत जीपवजा मोठ्या गाड्यांचे टायर भर वेगात फाटून गाड्या उलटल्या, शेकडो माणसे दगावल्याचे पुढे आले आणि लाखो टायर परत मागवावे लागले. त्याच वर्षी तिथे कायदा झाला. १ सप्टेंबर २००७ पासून तिथे तयार होणाऱ्या सर्व हलक्या वाहनांना हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात १ नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती आवश्यक झाली. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, पंक्चर काढण्याचा संच आणि ही हवेची यंत्रणा दिलेली असेल, तर जादा चाक, म्हणजे आपली स्टेपनी, न देण्याची मुभा मिळाली. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. अशा गाडीत सेन्सर हा स्टेपनीच्या बदल्यात आलेला आहे. तो काढून फेकला, तर ना स्टेपनी राहिली, ना राखणदार.

आता दुकानात काय करावे ते सांगतो. टायर बदलायची वेळ आली हे ओळखायला नियमात आकडा आहे. चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली झिजली की तो रस्त्यावर वापरायचा नाही. नवा टायर घेताना त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२५ असेल तर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. बेण्याचे वय पाहून बेणे घेता ना, तसेच टायरचे पाहावे.

मग गाडी यंत्रावर चढवण्यापूर्वी कारागिराला तोंडाने सांगा, "दादा, या चाकात सेन्सर आहे." हे एक वाक्य फुकट आहे आणि निम्मे नुकसान तेच वाचवते. बाहेरून पाहिल्यावर धातूचा वॉल आणि त्याच्या बुडाशी नट दिसला तर आत बहुधा सेन्सर असतो. पण काही सेन्सर रबरी वॉललाही जोडलेले असतात, तेव्हा रबरी वॉल दिसला म्हणून आत काही नाही असे धरून चालू नये.

टायर रिमपासून सोडवण्यापूर्वी वॉलची पिन काढून सगळी हवा जाऊ द्यावी. टायरची कड दाबून सुटी करणारा फाळ वॉलच्या जवळ कधीही लावू नये. सेन्सर वॉलच्या बुडाशीच असल्याने तिथे दाब दिला की डबीचा भुगा झालाच म्हणून समजा. पट्टी घालायची तीही वॉलपासून दूर, आणि आत खोल खुपसायची नाही. टायर चढवताना कड सेन्सरवरून घासत जाणार नाही अशा बेताने चाक फिरवावे. चांगला कारागीर हे सगळे न सांगता करतो. जो "काय होत नाय" म्हणतो, त्याच्या दुकानातून गाडी माघारी आणलेली बरी.

टायर उतरला की सेन्सरकडे पाहायची हीच संधी असते. पुन्हा तीन-चार वर्षे चाकाचे पोट उघडणार नाही. धातूच्या वॉलच्या बुडाशी रबरी सील असते, वर नट आणि आत पिन असते. हे सारे भाग टायरबरोबर नवे घालावेत. त्यांचा तयार संच मिळतो. जुने रबर चेपून गेलेले असते. ते तसेच ठेवले तर थोडीथोडी हवा गळते आणि दोष मात्र नव्या टायरला लागतो. रबरी वॉलचा सेन्सर असेल तर अख्खे रबरी खोड बदलावे. नट अंगात जोर आहे म्हणून आवळायचा नाही. ठरलेल्या ताणावर थांबणारा पाना असतो, त्यानेच आवळायचा. आणखी एक गोष्ट सांगतो. ॲल्युमिनियमच्या वॉलमध्ये साधी पितळी पिन किंवा वर पितळी टोपण बसवू नये. दोन धातू पाण्या-घामाने एकमेकांना खातात, टोपण जाम होते आणि ते फिरवताना वॉलच हातात येतो. अशा वॉलसाठी निकेलचा मुलामा दिलेली पिन येते. टोपण प्लॅस्टिकचेच ठेवावे.

पंक्चरवर उपाय म्हणून टायरात ओतायचे चिकट द्रावण मिळते. त्याने काही वेळा सेन्सरचे भोक बुजते. सेन्सरला चालेल असे लिहिलेलेच द्रावण वापरावे. नायट्रोजन भरा म्हणून दुकानदार आग्रह करतात. त्याने सेन्सरचे बिघडत नाही, पण साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, एवढे ध्यानात ठेवून खिशात हात घालावा.

गाडी सहा-सात वर्षांची झाली असेल आणि सेन्सर मूळचेच असतील, तर नव्या टायरांबरोबर सेन्सरही नवे घालणे हिशेबात बसते. सेन्सरची बॅटरी पुढच्या वर्षी संपली तर तेवढ्यासाठी टायर पुन्हा उतरवावे लागतात आणि मजुरी दोनदा पडते. नवा सेन्सर घेताना तो आपल्याच गाडीच्या मॉडेलला चालणारा आहे याची खात्री करावी. अमेरिकेतल्या पुष्कळ गाड्यांचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि युरोपातले ४३३ मेगाहर्ट्झवर. स्वस्त मिळाला म्हणून कुठला तरी आणलात, तर मुक्याशी बहिऱ्याची गाठ पडायची.

यापुढची पायरीच बहुतेक ठिकाणी राहून जाते. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो, आणि कोणत्या चाकावर कोणत्या क्रमांकाचा सेन्सर आहे याची नोंद गाडीच्या संगणकात असते. आपल्या ऊसनोंदीसारखाच हा प्रकार आहे. ऊस कितीही जोमदार असो, गट कार्यालयात नोंद नसेल तर त्याला तोड मिळत नाही. तसेच नवा सेन्सर बसवला पण त्याची नोंद संगणकाला दिली नाही, तर संगणक त्याला ओळखत नाही आणि दिवा लुकलुकत राहतो. पुढची चाके मागे आणि मागची पुढे केली, तर दोन गटांच्या नोंदींची अदलाबदल झाल्यासारखे होते. हवा कमी असते मागच्या डाव्या चाकात आणि संगणक बोट दाखवतो पुढच्या चाकाकडे. काही गाड्या थोडे अंतर चालवल्यावर आपोआप ओळख करून घेतात. काहींना हातातल्या यंत्राने ती करून द्यावी लागते. ज्या गाडीत डबी नाही, नुसता चाकाच्या वेगावरून अंदाज आहे, तिथे हवा बरोबर भरून मग बटण दाबून नवी सुरुवात करून द्यायची असते. आधी हवा, मग बटण. कमी हवेवर बटण दाबले तर संगणक त्या कमी हवेलाच बरोबर धरून चालतो. काट्याचे शून्य न पाहता वजन केल्यासारखे ते होते.

हवा भरायची तीही टायरवर कोरलेल्या आकड्याएवढी नव्हे. तो आकडा टायरच्या कमाल मर्यादेचा असतो. गाडीला किती हवा हवी, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. तो आकडा गार टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना मोजलेला. पळून गरम झालेल्या टायरात आकडा जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडून देणे ही हमखास होणारी चूक आहे; गार झाल्यावर टायर उपाशी राहतो.

दिव्याची भाषाही समजून घ्यावी. किल्ली फिरवल्यावर दिवा क्षणभर लागून विझला, तर यंत्रणा जागी आहे. लागून राहिला, तर एखाद्या टायरात हवा कमी आहे. मिनिटभर लुकलुकून मग कायम लागला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ यंत्रणेतच बिघाड आहे. जादा चाकात पुष्कळदा सेन्सर नसतो, म्हणून स्टेपनी लावल्यावरही असे होते. घाबरण्याचे कारण नाही, मूळ चाक लवकर दुरुस्त करून घालावे. जुनी गाडी विकत घेताना किल्ली फिरवून पाहा. पुस्तकात यंत्रणा असल्याचे लिहिले आहे आणि दिवा क्षणभरही लागत नाही, तर कोणीतरी राखणदाराचे तोंड बांधले आहे असे समजावे.

आपल्या भागात एक तक्रार नेहमी ऐकू येते. "थंडीत पहाटे दिवा लागतो आन् दहा किलोमीटर गेल्यावर आपोआप जातो. सेन्सर येडा झालाय." सेन्सर वेडा झालेला नसतो. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की मोटारीच्या टायरातली हवा सुमारे एक पौंडाने उतरते. मे महिन्यात चाळीस अंशांच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरात दहा-बारा अंशांच्या पहाटे चार-पाच पौंडांनी कमी भरते, आणि वॉलमधून हळूहळू जाणारी हवा वेगळीच. टायर तापला की दाब वर जातो आणि दिवा विझतो. याचा अर्थ आजार बरा झाला असा नाही. टायर सीमेवर आहे, हवा भरा, एवढेच तो सांगत असतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की आमच्या वडिलांनी आणि आजोबांनी कुठे सेन्सर लावले होते? खरे आहे. पण त्यांच्या गाड्या कोणत्या रस्त्यावर किती वेगाने पळत होत्या, तेही पाहा. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला आहे. तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास त्या वेगाने गाडी पळते, तेव्हा कमी हवेच्या टायरच्या बगला प्रत्येक फेऱ्याला दुमडत राहतात, त्या दुमडण्याने उष्णता साठते आणि आतले थर सुटतात. टायर फुटतो तो बहुधा खड्ड्याने नव्हे, या साठलेल्या उष्णतेने. शिवाय आजचे टायर असे आहेत की हवा पाव हिश्शाने कमी झाली तरी नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आजोबांची लाथ मारून टायर तपासायची रीत इथे कामी येत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सेन्सर महाग आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण वर सांगितलेली काळजी घेतली तर फुटायचे ते सेन्सर फुटतच नाहीत; खर्च होतो तो रबरी सील आणि पिनेचा. चार टायरांच्या बिलापुढे तो किरकोळ आहे. डिझेलची बचत किती, यावर फुगवून सांगणारे पुष्कळ भेटतील. अमेरिकन सरकारचा अंदाज असा आहे की चारही टायरांत सरासरी एक पौंड हवा कमी असेल तर इंधनाचा फटका सुमारे ०.२ टक्के बसतो. म्हणजे सहा पौंड कमी असतील तर सव्वा टक्क्याच्या आसपास. लाख मोलाची बचत नव्हे. खरी बचत टायरच्या आयुष्यात आहे आणि माणसाच्या आयुष्यात आहे.

मात्र सेन्सरवर डोळे मिटून विसंबणेही आम्हांस मान्य नाही. अमेरिकेच्या नियमात दिवा लागायची मर्यादा ठरलेल्या दाबाच्या पंचवीस टक्के खाली आहे. समजा पट्टीवर ३३ लिहिले आहे. त्या मर्यादेने दिवा लागणार तो साधारण २५ वर आल्यावर. टायरात २७ हवा असली तर ती सहा पौंडांनी कमी आहे, टायर तापतो आहे आणि दिवा गप्प आहे. म्हणून सेन्सर असो वा नसो, महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी हवा मोजलीच पाहिजे. राखणदार ठेवला म्हणून मालकाने शेतावर फिरकूच नये, असे कोणी म्हणत नाही.

आता आपल्या उसाच्या वाहनांकडे येतो. खरा जीव तिथे टांगलेला आहे. मोटारीत चार माणसे असतात. ट्रॉलीच्या मागेपुढे, आजूबाजूला सारा रस्ता असतो. ट्रॅक्टरवर बसलेल्याला मागच्या दुसऱ्या ट्रॉलीचा टायर बसला तरी पत्ता लागत नाही. इंजिनाच्या आवाजात त्याला टायरचा आवाज कुठला ऐकू येणार? ट्रकच्या जोडचाकात आतल्या टायरची हवा गेली तर शेजारचा टायर त्याचा भार उचलतो. बाहेरून गाडी ठीक दिसते, आणि काही अंतरावर त्या शेजारच्याचाही कडेलोट होतो. टॉमीने ठोकून आवाजावरून हवा ओळखणारे जुने जाणकार आहेत. त्यांचा आम्ही आदर करतो, पण ठोकून पूर्ण रिकामा टायर कळतो, पाव हिस्सा रिकामा कळत नाही.

अशा चाकांसाठी वॉलच्या टोपणाच्या जागी फिरवून बसवायचे सेन्सर बाजारात आहेत. ज्यांना परवडेल त्यांनी ते जरूर पाहावेत. पण त्यांच्या मर्यादा ओळखाव्यात. लांब रबरी वॉलवर त्यांचे वजन हेलकावते, उसाच्या सरीत वाढ्यांत अडकून ते तुटतात आणि गाडीतळावर चोरीलाही जातात. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात वजनासाठी पाणी भरलेले असेल तर त्या पाण्यानेही ते बिघडतात. पाणी भरलेल्या टायरची हवा मोजताना वॉल वरच्या बाजूला आणून मगच मोजावी. आमचा सल्ला असा, की ट्रॉलीवाल्याने सेन्सरच्या आधी एक चांगला हवामापक घ्यावा. खिशात मावतो, बॅटरी लागत नाही आणि त्याला संगणकात नोंदवावे लागत नाही.

हवा कमी असतानाच लांब चाललेला टायर नुसती हवा भरून पुन्हा रस्त्यावर आणू नये. उतरवून आतून पाहावा. रिंगच्या रिमवर हवा भरताना कोणीही समोर उभे राहू नये आणि पोरांना जवळ येऊ देऊ नये. रिंग उडाली की ती माणूस पाहत नाही.

शेवटी एक सूचना. संचालक मंडळाने आणि सर्वसाधारण सभेने तिचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. हंगामात आपल्या गाडीतळावर वाहने तासन् तास ओळीत उभी असतात. या थांबण्याला आपण सगळे नावे ठेवतो, ते योग्यच आहे. पण तीन-चार तास उभ्या राहिलेल्या वाहनाचा टायर गार झालेला असतो, आणि बरोबर हवा मोजायची वेळ हीच असते. भार असला-नसला तरी टायरच्या दाबात फारसा फरक पडत नाही, तेव्हा भरली गाडीही मोजता येते. गाडीतळावर एक हवेचा कॉम्प्रेसर, दोन हवामापक आणि पाळीगणिक एक शिकाऊ मुलगा ठेवावा. प्रत्येक वाहनाची चाके त्याने मोजावीत, कमी असेल तिथे हवा भरावी आणि आकडा चालकाच्या वहीत लिहावा. त्यासाठी वाहनाचा नंबर मागे जाऊ नये. दंड करण्याचीही गरज नाही. हंगामाच्या सुरुवातीला आपण ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतो, त्याच कामाची ही दुसरी बाजू आहे. रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याला सावध करतो. हवामापक गाडीच्या मालकाला सावध करील.

कोणी म्हणेल, कारखान्याने कशाकशाचा भार उचलायचा? आमचे म्हणणे असे, की ऊस सभासदाचा, वाहनही पुष्कळदा सभासदाचेच आणि रस्त्यावरून शाळेला जाणारी पोरेही आपलीच. हा भार दुसऱ्या कोणाचा म्हणायचा?

तोपर्यंत सभासदांनी आपल्या हातातले तरी करावे. टायर बदलायला जाल तेव्हा सेन्सरचे एक वाक्य कारागिराला सांगा, सील आणि पिन नवी घाला, संगणकात नोंद करून घ्या, पट्टीवरचा आकडा पाहून गार टायरात हवा भरा आणि दिव्यावर चिकटपट्टी लावली असेल तर ती आजच काढा. ट्रॅक्टरच्या पेटीत पान्यांबरोबर एक हवामापक ठेवा. खोडव्याची पाचट जाळू नका म्हणून आम्ही गावोगाव सांगत फिरतो, तेव्हा कोणी ऐकतो, कोणी हसतो. याही बाबतीत कोणी हसले तर हरकत नाही, पण हसत हसत का होईना, हवा मोजावी.

कळावे.

— ऊसविकास अधिकारी, शेतकी खाते